सोन्याचा खंजीर आणि मुंबईचा इन्स्पेक्टर

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आळीतल्या वाचनालयापुढे मुलांची रांग लागे. प्रत्येकाच्या हाती परत करायचे पुस्तक असे आणि त्यावर बहुधा वर्तमानपत्राचा कागद चढवलेला असे. पुस्तक जपावे म्हणून नव्हे हो. मुखपृष्ठावरचे पिस्तूल घरच्या वडीलधाऱ्यांना दिसू नये म्हणून! रहस्यकथा वाचणे हा काही गुन्हा नव्हता, परंतु गुन्हेगाराला लागणारी सारी सावधगिरी त्या वाचनात आम्हांला शिकायला मिळाली. मौज अशी, की आमच्याकडून जप्त झालेली पुस्तके चार दिवसांनी वडिलांच्याच उशाखाली सापडत.

घरोघर वाचक, पण चारचौघांत नाव घ्यायला कोणी नाही, असे हे वाङ्मय. हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत, जपानात, इंग्लंडात रहस्यकथाकारांना तोच अनुभव आला. मात्र पंडितांनी कधी तरी पाठ थोपटावी म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत. एकत्र जमून त्यांनी आपल्या धंद्याचे पुरस्कार आपणच सुरू केले. त्या पुरस्कारांची हकिगत एखाद्या रहस्यकथेसारखीच रंजक आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या मुंबईच्या पोलीसचौकीपर्यंत येतो.

आरंभ अर्थातच एडगर ॲलन पो याच्यापासून करावयास हवा. १८४१ साली फिलाडेल्फियाच्या एका मासिकात त्याची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा छापली गेली. बंद खोलीतला खून, गोंधळलेले पोलीस आणि केवळ तर्काच्या बळावर उकल करणारा चतुर गृहस्थ, हा सारा मसाला तिच्यात आहे. शेरलॉक होम्स जन्माला यायला तेव्हा अजून ४६ वर्षे अवकाश होता! पो स्वतः मात्र सारे आयुष्य पैशाच्या ओढाताणीत राहिला आणि १८४९ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, वारला.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४५ साली, अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांनी आपली संस्था काढली. 'गुन्ह्यातून काही पदरात पडत नाही' अशा अर्थाची एक म्हण इंग्रजीत आहे. या मंडळींनी तिला 'पुरेसे' एवढा एकच शब्द जोडला आणि तेच संस्थेचे ब्रीद केले. लेखकांची बिदागी तुटपुंजी होती, हे सांगण्याची याहून खुसखुशीत तऱ्हा कोणती? दुसऱ्याच वर्षी पुरस्कार सुरू झाले. ते पोच्या नावाचे, म्हणून लोक त्यांना लाडाने 'एडगर' म्हणू लागले. मानचिन्ह म्हणजे चिनीमातीचा, पोच्या मुखवट्याचा अर्धपुतळा.

कादंबरीचा पहिला मान १९४६ साली ज्यूलियस फास्ट याला मिळाला तो पहिल्या कादंबरीबद्दल. नव्याच्या पाठीवर हात आधी ठेवायचा, ही रीत मला फार आवडते. वर्षातील सर्वोत्कृष्ट कादंबरीचा एडगर त्यानंतर आठ वर्षांनी, १९५४ साली, सुरू झाला आणि तो कोणी पटकावला? शार्लट जे या ऑस्ट्रेलियन बाईंनी, न्यू गिनीच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या कादंबरीबद्दल! पुढच्याच वर्षी तो रेमंड चँडलरकडे गेला. हा निवाडा करणारे लोक संस्थेतलेच लेखक. कोडे कोठे फसले आणि कोठे साधले, हे त्यांना नेमके ठाऊक.

पोचे नाव पॅसिफिक ओलांडून जपानलाही गेले, आणि तेही कसे पाहा. तारो हिराई नावाच्या एका लेखकाने टोपणनाव घेतले 'एदोगावा राम्पो'. हे नाव जरा भरभर उच्चारून पाहा, म्हणजे त्यात 'एडगर ॲलन पो' ऐकू येईल. युद्धकाळात जपानी सरकारची रहस्यकथेवर वक्रदृष्टी होती. युद्ध संपताच ती दडपलेली हौस उसळून वर आली. १९४७ साली राम्पोच्या पुढाकाराने रहस्यकथाकारांचे मंडळ स्थापन झाले आणि १९४८ साली त्यांचा पहिला पुरस्कार सेइशी योकोमिझो याच्या 'होन्जिन'मधील खुनाच्या कादंबरीला मिळाला.

१९५४ साली राम्पोला साठ वर्षे पूर्ण झाली. आपल्याकडे षष्ट्यब्दीला शांत करतात, सत्कार करून घेतात. या गृहस्थाने पदरची रक्कम मंडळाला देऊन नवा पुरस्कार उभा केला. १९५७ पासून तो अप्रकाशित कादंबरीसाठी ठेवण्यात आला, आणि त्या वर्षी आलेल्या हस्तलिखितांतून निवडले गेले ते एत्सुको निकी या तरुणीचे. लहानपणीच कण्याच्या क्षयाने तिचे पाय गेलेले. शाळेची पायरी तिने कधी चढली नाही, जे शिकली ते घरीच. तिची कादंबरी 'मांजराला ठाऊक होते' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि हातोहात खपली. तिच्यात रहस्य उलगडणारी जोडी आहे भावाबहिणीची! भाऊबीज तोंडावर आली असताना ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हस्तलिखित ज्याचे त्याच्या गुणांवर वाचले जाते आणि खोलीबाहेर सहसा न पडणाऱ्या मुलीचे नाव देशभर होते. पुरस्कार म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन.

आता इंग्लंड. तेथे १९५३ साली जॉन क्रीझी याने गुन्हेकथाकारांची संघटना स्थापन केली. हा क्रीझी म्हणजे लेखणीचा कारखानाच होता. अनेक टोपणनावांनी त्याने सहाशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. संघटनेचा पहिला पुरस्कार १९५५ साली विन्स्टन ग्रॅहमला मिळाला. त्याचे नाव मोठे गमतीचे होते: 'क्रॉस्ड रेड हेरिंग'. रेड हेरिंग म्हणजे खारवून धुरी दिलेला लालसर मासा. पण रहस्यकथेच्या भाषेत, वाचकाला चकवायला मुद्दाम टाकलेला खोटा धागा. १९६० पासून या पुरस्काराला 'गोल्ड डॅगर', म्हणजे सोन्याचा खंजीर, म्हणू लागले.

आणि १९६४ सालचा सोन्याचा खंजीर मिळाला तो मुंबईच्या खुनाला!

लेखक होते एच. आर. एफ. कीटिंग. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या अमेरिकन प्रकाशक घेईनात. त्या फारच इंग्रजी वळणाच्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा कीटिंगनी कथेचे ठिकाणच बदलायचे ठरवले आणि निवडली मुंबई. नायक मुंबई गुन्हे शाखेचा इन्स्पेक्टर. त्याचे नाव आधी 'घोष' ठेवायचे घाटत होते. पण घोष हे बंगाली आडनाव, असे कोणी कानावर घातले, म्हणून ते झाले 'घोटे'. असा हा गणेश घोटे, इंग्रजी रहस्यकथेतला मराठी आडनावाचा फौजदार! त्याचा वरिष्ठ अधिकारीही सामंत. बायको मात्र प्रतिमा, ती बंगालीण. जणू घोषबाबूंची आठवण घरात शिल्लक राहिली.

कादंबरीचे नाव 'द परफेक्ट मर्डर'. यात परफेक्ट हे एका म्हाताऱ्या पारशी चिटणिसाचे आडनाव, आणि हा परफेक्ट मेलेलाच नाही, नुसता जबर जखमी आहे! घोट्यांच्या गळ्यात आणखी एक प्रकरण पडते: खुद्द मंत्र्यांच्या टेबलावरून एक रुपया चोरीला गेला आहे. वरून साहेबांची तंबी, खालून लोकांची टाळाटाळ, घरी बायकोची कुरबुर, आणि या सगळ्यांत बुजरा, पापभीरू पण चिवट घोटे. होम्ससारखी त्याची बुद्धी लखलखत नाही. तो चुकतो, ओशाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. मला वाटते, म्हणूनच तो इंग्रज वाचकांना आपल्यातला वाटला असावा.

खरे रहस्य पुढेच आहे. हे लिहिले तेव्हा कीटिंगनी मुंबई पाहिलीच नव्हती! वाचून-ऐकून मिळालेल्या माहितीवर त्यांनी ती उभी केली. पहिली कादंबरी लिहून सुमारे दहा वर्षे लोटल्यावर ते प्रथम येथे आले. मराठी वाचकाला ती मुंबई कोठे कोठे खटकते. पात्रांचे इंग्रजी मुद्दाम वेडेवाकडे केलेले आहे आणि घोट्यांच्या घरात मराठी वळण शोधावे लागते. तरीही त्या फौजदाराच्या मनाची घालमेल लेखकाने खरी पकडली आहे, हे कबूल केले पाहिजे. पुढे १९८० साली कीटिंगना दुसरा सोन्याचा खंजीर मिळाला, १९८८ साली 'द परफेक्ट मर्डर'वर बोलपट निघून नसीरुद्दीन शाह घोटे झाले, आणि १९९६ साली आयुष्यभराच्या कामगिरीबद्दलचा हिऱ्याचा खंजीरही कीटिंगच्या हाती आला.

त्याच १९९६ साली मुंबईला बाबूराव अर्नाळकर वारले.

या योगायोगापाशी मी नेहमी थबकतो. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे ज्यांच्या लेखणीतून उतरली, त्या बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. सहाशेवाला क्रीझीसुद्धा त्यांच्यापुढे मागेच राहतो. किती मुलांना आणि किती कामकरी माणसांना त्यांनी वाचनाची गोडी लावली, त्याची मोजदाद नाही. साहित्य अकादमी १९५५ पासून मराठी ग्रंथांना पुरस्कार देत आली आहे. त्या यादीत बाबूराव नाहीत, आणि रहस्यकथेसाठी तिने वेगळा पुरस्कारही ठेवलेला नाही. मुंबईचा काल्पनिक फौजदार लंडनला सोन्याचा खंजीर घेऊन आला, आणि मुंबईत बसून हजार रहस्ये उलगडणारा लेखक वर्तमानपत्राच्या कागदाखाली झाकलेलाच राहिला.

बाबूरावांचे सगळेच लेखन अव्वल होते, असे मी म्हणणार नाही. हजारांत भरड पुष्कळ असणारच. पण भरडातून दाणे निवडायला कोणी तरी सूप घेऊन बसावे लागते. अमेरिकेत, जपानात, इंग्लंडात ते काम रहस्यकथाकारांनी स्वतः केले. वर्षाची सारी पुस्तके समोर ठेवून, भांडून, 'हे चांगले' असे नाव घेऊन सांगितले. पुतळा चिनीमातीचा की खंजीर सोन्याचा, हा प्रश्न गौण आहे. असे सांगणारे कोणी असले की नवा लिहिणारा जिद्दीने लिहितो आणि जुना लिहिणारा आळस टाकतो. आपल्याकडे ते सूप कोणी हातीच घेतले नाही.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना वडिलांच्या पेटीत तशीच एक जुनी रहस्यकथा सापडली. कागद पिवळा पडलेला, पण नीट चढवलेला. मी तो काढून टाकला आणि पुस्तक बैठकीच्या खोलीतल्या कपाटात, कथा-कादंबऱ्यांच्या रांगेत, मुखपृष्ठ दिसेल असे ठेवले. आल्यागेल्याला त्यावरचे पिस्तूल आता खुशाल दिसते.