सावली नसलेले १७ किलोमीटर

स्पेनच्या पालेन्थिया प्रांतातील कार्रिओन ते काल्थादिया दे ला क्वेथा हा सान्तियागो यात्रामार्गाचा सुमारे १७ किलोमीटरचा टप्पा. वाटेत एकही गाव नाही. दुतर्फा धान्याची शेते आणि पायाखाली रोमन काळातील सरळसोट रस्ता. त्यामुळे उन्हाळ्यात यात्रेकरूंचे जथे पहाटे अंधारातच निघतात. येथे सूर्य माथ्यावर येतो तोच घड्याळात दोन वाजून गेल्यावर. खरी काहिली त्यानंतरची, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. पाणी निघतानाच भरून घ्यावे. जथ्याची चाल सर्वांत मंद माणसाने ठरवावी. तरणेताठे पुढे गेले, तर उन्हाने भोवळ आलेल्याला सावरायला मागे कोणी उरत नाही. काल्थादिया खोलगट भागात वसलेले असल्याने अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसतच नाही. अनेकांचा धीर सुटतो तो नेमका येथेच.