७.८ चा धसका

चंद्रपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. माझा समुद्र मात्र घरातच, दोनशे लिटरचा: आरओच्या पाण्यात विरघळवलेलं सागरी मीठ, वय सात आठवडे. त्यात टाकीतच जन्मलेले दोन क्लाउनफिश, एक झिंगा, चार शंख आणि मऊ प्रवाळाचे दोन तुकडे. दगडी सांगाडा बांधणारं प्रवाळ ठेवायची सोय नाही. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ताडोब्यातल्या वाघाच्या पंक्तीला बसलंय.

शनिवार, दुपारी ४:३० (१४ तास आधी)
मे महिना, बाहेर ४६ अंश. वडशाहून बहिणीकडची मंडळी लग्नाला आली. घरातली माणसं झाली नऊ आणि एसीची खोली एकच, टाकीची. दारं-खिडक्या गच्च बंद. सकाळी मोजलेले आकडे वहीत होते: तापमान २६, खारटपणा हजारी ३५, कॅल्शियम ४२०, केएच, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, ८, आणि पीएच ८.१. एकाही आकड्यात खोट नव्हती.

संध्याकाळी ७:०० (साडेअकरा तास आधी)
भाचीनं खाद्याची डबी टाकीवर उलटी केली. "मामा, त्यायले भूक लागली होती ना!" मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं दगडांच्या फटीत गेलं. ते नळीनं ओढून काढायला दहा मिनिटं पुरली असती. पाहुण्यांच्या गडबडीत राहिलं.

रात्री ९:३० (९ तास आधी)
मीटरवर पीएच ७.८. पोटात गोळा आला.

कारण खोलीतच गप्पा मारत बसलं होतं. बंद खोलीत नऊ माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो, पाण्यात उतरतो आणि पाण्याला आम्लतेकडे ओढतो. केएच ठीक असून पीएच उतरला, तर दोष पाण्यात नाही, हवेत शोधायचा असतो. त्यातून रात्री ७.८ वर गेल्यानं टाकी मरत नाही. पण मी केएच मोजलाच नाही.

९:४५
स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा तव्यावर भाजला. भाजला की त्याचा धुण्याचा सोडा होतो आणि पीएच झपाट्यानं चढवतो. त्यातला पंधरा ग्रॅम पाण्यात कालवून ओतला. या मापानं दोनशे लिटरचा केएच ८ वरून १२ वर जातो. समुद्रातल्या जीवांना एवढा बदल काही मिनिटांत कधी सोसावा लागत नाही. मीटर ८.३ वर गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग: त्याच कोपऱ्यात, त्याच दमात कॅल्शियमचं द्रावणही ओतलं.

पाणी ताकासारखं पांढरं झालं. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भेटून चुना होऊन बसत होते. हा चुना बसताना पीएच पुन्हा खाली खेचतो. साडेदहाला मीटर ८.० वर आला होता आणि पांढरी भुकटी एकुलत्या एका पंपात शिरली होती.

११:४० (सात तासांहून थोडं कमी)
वादळ आलं, वीज गेली. दुर्गापूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, आणि आमची अख्खी गल्ली अंधारात. इन्व्हर्टरवर फक्त पंखे होते. धूळ येते म्हणून खिडक्या बंदच राहिल्या. पंप थांबला, पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा झाला.

२५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, खाऱ्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की त्याहून कमी. तो टिकवायचा तर पाणी हलत राहायला हवं.

रविवार, पहाटे ३:२० (तीन तास आधी)
वीज आली. एसी घरघरला, सगळे सुखावले. मीही कूस बदलली. पंप सुरू झालाच नव्हता. थांबलेल्या चकतीवर चुना घट्ट बसला होता. फटीतलं खाद्य कुजत होतं आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवत होते.

सकाळी ६:३०
भाऊजींनी हलवून उठवलं. "भाऊ, मासे तोंड काढून राहिले."

त्यांच्या शेतात बोडी, म्हणजे लहान तळं, आहे. उन्हाळ्यात, रात्रभर शेवाळानं आणि माशांनी ऑक्सिजन ओढल्यावर, सूर्य उगवायच्या आधी बोडीतले मासे असेच वर येऊन तोंड उघडतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. माझ्याकडे पीएचचा मीटर होता, तरी मला ते दिसलं नाही.

झिंगा उताणा पडला होता, उकडल्यासारखा फिका. एक क्लाउनफिश दगडाला टेकलेला, कल्ले स्थिर. दुसरा वर, ओठ पाण्याबाहेर. मी पंप खोलून जुन्या टूथब्रशनं व्हिनेगर चोळत बसलो. तोवर भाऊजींनी मग घेतला आणि टाकीतलंच पाणी उपसून हातभर उंचीवरून परत टाकीत सोडत राहिले. वीस मिनिटं, न बोलता. दुसरा मासा वाचला.

८:१५
मंडळी मंडपाकडे निघाली. ऊन चढायच्या आत मी चारही खिडक्या उघडल्या.

१०:३०
पाण्यात काहीही टाकलं नव्हतं. मीटर ८.१ दाखवत होता.