बहुरूप्याचं वॉरंट

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही धानोऱ्याला असायचो. तेव्हा वर्षातून एकदा तरी एक पोलीस थेट ओसरीपर्यंत यायचा. खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, हातात वेताची छडी आणि खिशात घडी घातलेला कागद. तो खिशातून कागद काढायचा आणि खड्या आवाजात आजोबांच्या नावाचं वॉरंट वाचायला लागायचा. गुन्हा काय, तर मांजरीच्या लग्नाला गेले नाहीत, बेडकाच्या वरातीत नाचले नाहीत, असलं काहीतरी. सगळं यमकात, एका दमात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीच्या पदराआड लपून रडलो होतो म्हणे. मोठी माणसं पोट धरून हसत होती. मग आजी सुपातून जोंधळे आणायची, तो 'पोलीस' झोळी पुढे करायचा, आजोबांची जामिनावर सुटका व्हायची आणि वॉरंट शेजारच्या घरी जायचं.

तो बहुरूपी होता. काही भागात रायरंद म्हणतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे 2024 साली 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द घराघरात पोचला. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, हातात वॉरंटचा कागद. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, पैसे या खात्यात टाका. कायद्यात असली अटक नाहीच. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना हे देशाला समजावून सांगावं लागलं. मी ते ऐकत होतो आणि डोळ्यासमोर आमची ओसरी होती. तोच वेश, तोच कागद, तोच दरारा. आमचा बहुरूपी मात्र सोंग आहे हे दाखवत सोंग करायचा आणि सूपभर जोंधळ्यात खूष व्हायचा.

माझं पोट या विषयावरच चालतं, म्हणून जास्त लागतं. पुण्यात एका कंपनीसाठी मी सायबर सुरक्षेचा मजकूर लिहितो. लेख, जाहिराती, मेलमधून जाणारी पत्रकं, कधी व्यंगचित्रांच्या ओळी. (नातेवाईकांना अजून वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दर दिवाळीला एकतरी प्रिंटर पुढ्यात येतो.) या धंद्यात वर्षानुवर्षं एकच चित्र चाललं: काळोखात बसलेला, टोपडं घातलेला माणूस आणि त्याच्या अंगावर पडणारे हिरवे आकडे. घाबरवा आणि विका. पण घाबरलेला माणूस पान उलटतो, वाचत नाही. म्हणून आम्ही विनोदाकडे वळलो.

आणि तिथेच मी घोळ केला.

2022 च्या सुरुवातीला मी एक पात्र तयार केलं. गोष्टीतला म्हातारा, कोणी मागितला की ओटीपी देणारा. दूधवाल्याला देतो, केबलवाल्याला देतो, शेवटी चोराला फोन करून विचारतो, 'मिळाला का हो?' कंपनीत सगळे हसले. मी कौतुकानं ती चित्रं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तिथेही हशा. धानोऱ्याच्या जिभाऊंनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, सुद्धा हसरा चेहरा पाठवला.

त्याच वर्षी 'मागचं बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार' असे मेसेज राज्यभर फिरत होते. खाली साधा मोबाईल नंबर. फोन केला की पलीकडचा एक अ‍ॅप उतरवायला लावायचा आणि मोबाईलचा पडदा त्याला दिसायला लागायचा. जिभाऊंनी फोन केला. मिरचीचे आलेले अडतीस हजार गेले. नंदुरबारच्या मिरचीमागे किती खपावं लागतं ते ज्यांनी मिरची तोडून हातांची आग सोसली आहे त्यांनाच कळेल.

आम्हाला हे कळलं अकरा दिवसांनी, तेही काकूंच्या तोंडून. मी फोनवर जरा चिडूनच विचारलं, लगेच का नाही सांगितलं? मी तर हेच काम करतो! 1930 हा मदतीचा नंबर त्यासाठीच आहे. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत तक्रार गेली, तर बँका ते अडवू शकतात. तिथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही.

जिभाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही हासशात म्हनीसन सांगं नही."

तुम्ही हसाल म्हणून सांगितलं नाही. माझा म्हातारा आणि त्याचा ओटीपी त्यांच्या डोक्यात होता. त्या अकरा दिवसांत माझ्या विनोदाचाही वाटा होता.

त्यानंतर मी जुनं वाचायला लागलो. फसवणुकीपासून सावध करण्यासाठी आपल्याकडे आधी कोणी विनोद वापरला का, आणि वापरला तर हसू कोणावर रोखलं? संत एकनाथांची भारुडं आठवली, विंचू चावल्याचं निमित्त करून काम-क्रोधाची गोष्ट सांगणारी. पण नेमकं हवं ते सापडलं महात्मा फुल्यांच्या 'तृतीय रत्न'मध्ये. 1855 साली लिहिलेलं नाटक. लिहिलं तेव्हा फुले अठ्ठावीस वर्षांचे होते. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं, आणि पुढे ते छापून यायला 1979 उजाडलं. कथा अशी: एका कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी घरी येतो, ग्रहांची भीती घालतो, अनुष्ठानाच्या नावाखाली पैसे उकळतो, नवरा-बायको कर्जात बुडतात. आजच्या भाषेत बोलायचं तर ओळखीचा वेश, भीती, घाई, मग पैशाची मागणी. पायऱ्या त्याच. फक्त तेव्हा पंचांग होतं, आता पार्सल.

त्या नाटकात एक विदूषक आहे. तो मधे मधे येऊन बोलतो, टोमणे मारतो, प्रेक्षकाला डाव उघडा करून दाखवतो. कुणब्याच्या भोळेपणावरही तो बोलतो, नाही असं नाही, पण सगळी धार जोश्याच्या लबाडीवर. आणि शेवटी ते नवरा-बायको काय करतात? फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. फसलेला माणूस हसण्याचा विषय होऊन उरत नाही, त्याला पुढे जायला वाट आहे. माझ्या ओटीपीवाल्या म्हाताऱ्याला मी कुठलीच वाट ठेवली नव्हती.

याच वाचनात फुगासे भेटला. खरं नाव सिरिल केनेथ बर्ड, 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. 1940 साली त्यानं ब्रिटिश सरकारसाठी 'निष्काळजी बोलणं जिवावर बेततं' अशा अर्थाची पोस्टर्स काढली. एकात बसमध्ये दोन बायका गप्पा मारताहेत आणि मागच्या बाकावर हिटलर आणि गोअरिंग कान देऊन बसलेत. युद्ध सुरू होतं, आणि हा माणूस लोकांना हसवत गुप्तता शिकवत होता! त्याचं म्हणणं असं की माणसाला सूचना वाचायचाच कंटाळा असतो, वाचली तर ती आपल्यासाठी नाही असं वाटतं, आणि पटली तरी ती तो विसरतो. हसू या तिन्ही अडचणींतून वाट काढतं. यातली दुसरी अडचण मी धानोऱ्यात शंभरदा ऐकली आहे: "मनाजोडे शेच काय?" माझ्याकडे आहेच काय चोरायला!

अमेरिकेच्या एनएसएनंही 1950-60 च्या दशकांत आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशी गमतीदार पोस्टर्स केली होती. ती 2018 मध्ये लोकांसमोर आली. चक्क सांताक्लॉजलासुद्धा गुप्ततेच्या कामाला जुंपलंय.

पण कॉम्प्युटरच्या दुनियेत विनोद आणि कल्पकता आधी पलीकडच्या बाजूला होती हे मान्य करायला हवं. 1971 चा 'क्रीपर' हा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊन 'मला पकडा' असं चिडवणारा प्रोग्रॅम होता. 1982 चा 'एल्क क्लोनर' पंधरा वर्षांच्या पोरानं लिहिला, तो पडद्यावर कविता दाखवायचा. आणि मे 2000 मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसनं तर प्रेमपत्राचं सोंग घेतलं. एवढी चांगली जाहिरात कुठल्या अँटिव्हायरस कंपनीला सुचली होती सांगा!

महाराष्ट्रात हे वारं खऱ्या अर्थानं फिरलं ते डिसेंबर 2015 मध्ये मुंबई पोलिसांचं ट्विटर खातं सुरू झाल्यावर. पोलीस कोटी करतात यावर आधी विश्वासच बसेना. सिनेमातले संवाद, क्रिकेट, लोकांच्या तोंडी असलेली वाक्यं घेऊन ते पासवर्ड आणि ओटीपीवर लिहायचे. मग बँका आल्या. एचडीएफसी बँकेनं 2020 मध्ये 'मुँह बंद रखो' अशी मोहीम काढली (मास्कच्या दिवसांत हे नाव सुचणाऱ्याला माझा सलाम), आणि 2022 मध्ये 'व्हिजिल आंटी' आणली, अनुराधा मेननच्या रूपात. आपल्या सोसायटीत असतेच की अशी एक. सगळ्यांवर नजर ठेवणारी, फटकळ, पण तुमच्या बाजूची. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाची पुस्तिका तर मला फारच आवडली, 'राजू अँड द फॉर्टी थीव्ज'. अलिबाबाला बाजूला सारून राजूला बसवलं आणि फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा चित्रांसकट सांगितल्या. सरकारी कागदाला असं नाव देणारा माणूस कोण असेल, त्याला भेटायला आवडेल. याउलट सायबर गुन्ह्यांबद्दलची ती अमिताभच्या आवाजातली कॉलर ट्यून. प्रत्येक फोनआधी तेच. लोक वैतागले, आणि 2025 च्या जूनमध्ये ती बंद झाली. आवाज भारदस्त असला म्हणून माणूस रोज उपदेश ऐकत नाही.

आमच्या जिल्ह्याचं यात एक वेगळं नातं आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. म्हणजे नंबरांची ही दुनिया आमच्याच दारातून सुरू झाली. ती वापरायची कशी हे शिकवणारं मात्र तेवढ्या थाटामाटात कोणी आलं नाही. आणि जे आलं ते इंग्रजीत, फार तर पुस्तकी मराठीत. अहिराणी आणि भिली बोलणाऱ्या माणसाला विनोद परक्या भाषेत कळतो, पण हसू येत नाही.

असो. 2025 च्या आखाजीला आम्ही सगळे धानोऱ्याला जमलो होतो. दुपारी झोके, पुरणपोळी, आमरस. संध्याकाळी पोरांना काहीतरी करून दाखवायचं म्हणून मी अहिराणीत पंधरा मिनिटांचं सोंग लिहून नेलं होतं (अहिराणी काकूंनी दुरुस्त केली, अर्ध्याहून जास्त). व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस आणि त्याला जाम गुंडाळणारी एक आजी. पोलीस कोण होणार यावर मुलांची भांडणं सुरू झाली, तेवढ्यात जिभाऊ खाटेवरून उठले आणि म्हणाले, मी होतो.

माझ्या पोटात गोळा आला. पण ते आत गेले आणि एसटीत कंडक्टर असलेल्या जावयाचा खाकी शर्ट चढवून बाहेर आले. मी लिहिलेलं त्यांनी फारसं म्हटलंच नाही. मांजरीच्या लग्नापासून सुरुवात केली, बेडकाच्या वरातीवरून पार्सलवर आले, आणि तिथून विजेच्या बिलावर. "अडतीस हजार लयी आन, नही ते लाईट कापस!" असं ओरडले तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. मग काकूच पहिल्यांदा हसल्या. मागून कुठलीशी बाई ओरडली, "एकोणीसशे तीसले फोन लाव वं माय!"

शेवटी जिभाऊंनी उपरण्याची झोळी करून सगळ्यांपुढे फिरवली. माझ्यापाशी येऊन थांबले. खिशात सुटे नव्हते, म्हणून मी विचारलं, यूपीआय करू का?

"रोख," म्हणाले.