एकजूट फोडली कोणी?



"तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात का आणता?" ऑफिसात, कारखान्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये आपल्यापैकी कितीजणांना हे ऐकावे लागते! नीट बघा, हा प्रश्नाच्या वेषातला आरोप आहे. जात तिथे नव्हतीच, ती तुम्ही आणली, हे आधीच गृहीत धरलेले असते. तुम्ही कारणे द्यायला लागलात की आरोप मान्य केलात.

मुंबईच्या गिरण्या आठवा. साचा खात्यात पगार बरा, पण अस्पृश्य कामगाराला तिथे शिरकाव नाही. का? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर आपल्या तोंडाला कसा लावणार? गिरणी एक, मालक एक, पण उष्ट्याची भीती गावातलीच.

१९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले, साचा खाते आमच्या लोकांना खुले करण्याची मागणी घ्या, नाहीतर संपात पडू नका असे मी त्यांना सांगेन. मागणी घेतली गेली, पण नाखुशीने. ती मालकांपुढे गेली तेव्हा त्यांनी हात झटकले, हा भेद काही आम्ही केलेला नाही! आता हे उत्तर तपासा. शिवाशिव कामगार पाळत होते, हे खरे. पण गिरणी कामगारांच्या मालकीची होती का? अर्धे सत्य पुढे करून मालकांनी आपली जबाबदारी झाकली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. वेगळे जमून कामगारांत फूट पाडता, ही टीका होतीच. बाबासाहेबांनी त्यामागचे गृहीतकच उखडले. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि मास्तर बहुधा सवर्ण. मग फूट आधी कोणी पाडली? (त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, हे टीकाकार सोयीने विसरतात.)

आजचा प्रश्न तसाच जोडगोळीचा असतो : "कोट्यातून लागलात ना, मग तक्रार कसली?" नोकरी कशी लागली ही एक गोष्ट, नोकरीत वागणूक कशी मिळते ही दुसरी. पहिलीच्या उत्तराने दुसरी मिटत नाही. दोन्ही वेगळ्या करा आणि शांतपणे विचारा, आपल्या विभागात गेल्या पाच बढत्या कोणाला मिळाल्या? नावे समोरच्यालाच मोजू द्या.