शब्दवेध : कृपा आणि कृपण

‘कृपा’ आणि ‘कृपण’ ही सख्खी भावंडं आहेत. दोन्ही संस्कृत ‘कृप्’ धातूची. अर्थ शोक करणे, कळवळणे. कळवळ्यातून येते ती कृपा. ज्याची कीव यावी तो कृपण, आणि मुठीतलं न सोडणारा चिक्कूही कृपणच.

संतांनी आपलं कृपणपण कबूल करूनच कृपा मागितली. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी करुणाष्टकांत स्वतःचे दोष उघडे करून रामाला हाक घातली. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठात संत तेरेजाने १८९५ मध्ये स्वतःला देवाच्या दयेवर सोपवलं, पुण्याचा हिशेब न मांडता, रिकाम्या हातांनी.

‘मी’वरचं प्रेम कृपणासारखी मूठ आवळतं. देवळातला प्रसाद असो वा चर्चमधल्या मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, हातात घ्यायचा तर ओंजळ उघडीच धरावी लागते. देवावरचा भरवसा म्हणजे तीच उघडी ओंजळ.