फाशीच्या आरोळीआधीचे बारा तास

घोटावडे फाट्यावर चहा घेताना लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातमीचा विषय निघाला की एकच ऐकू येतं, "कायदाच ढिला आहे, भर चौकात लटकवा." हा संताप खरा आहे, मलाही येतो. पण दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे, असं चाललं आहे.

कायदा ढिला कुठे आहे? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२चा. २०१९मध्ये त्यात फाशीचीही तरतूद आली. त्यानंतर पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४मध्ये, बदलापूरच्या शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले. अडलं ते शिक्षेपाशी नव्हे, तक्रारीच्या पहिल्याच पायरीवर. शाळेनं पोलिसांना कळवलं नाही. पालक ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवायला जवळपास बारा तास लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे सरकार हललं.

"मग चकमकीत न्याय झालाच की!" असंही म्हणतात. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं. आरोपीवरचा खटला त्याच्या मृत्यूबरोबरच संपला. मुलींचं म्हणणं खरं, असं त्याच्याबाबतीत कुठल्याच न्यायाधीशानं लिहिलं नाही. हा मुलींचा तोटा आहे, हे मला ठासून सांगायचं आहे.

कुलाबा आणि मुरुडच्या अँकरेज निवाऱ्यांतल्या अत्याचार सोसलेल्या मुलांना मात्र न्यायाधीशाचा तो शब्द मिळाला. सत्र न्यायालयानं २००६मध्ये दोन ब्रिटिश आरोपींना दोषी ठरवलं, २००८मध्ये उच्च न्यायालयानं सोडलं आणि १८ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या साक्षींवर विश्वास ठेवून शिक्षा पुन्हा लागू केली. तक्रारीपासून दहा वर्षं गेली, ती लाजिरवाणीच. पण निकालपत्र आहे.

आणखी एक. अत्याचार करणारा बहुधा ओळखीतलाच असतो. फाशीचं नाव निघालं की घर आणि संस्था दोन्ही तोंड शिवून बसतात. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे, पोक्सोचं कलम २१. त्यासाठी कोणी रूळ अडवत नाही.

कलम २४ तर घोटावड्याच्या प्रत्येक आईला पाठ हवं. लेकराला कडेवर घेऊन ठाण्यात बसायचं कारण नाही. जबाब घ्यायला शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या बाईनं घरी यायचं, गणवेश न घालता, ओसरीवर पोरीच्या शेजारी बसायचं. बदलापुरात हे कलम लागू होतंच, जवळपास बारा वर्षांपासून.