युद्धातली मुले आणि दोन प्रकारचे पुरावे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) म्हटले, की १९४२ ते १९४५ या काळात तेथील किल्ल्यात स्थानबद्ध असलेले नेहरू, आझाद आदी नेते आपल्याला आठवतात. त्याच युद्धाने महाराष्ट्रात आणलेली परदेशी मुले मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाहीत.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये या कुटुंबांना सायबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे भारतात आली. भूक आणि रोगराईने कित्येक मुलांचे आईवडील तोवर दगावले होते.

अशा वेळी मुलांच्या मनाचे काय होते? त्याच वर्षांत लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम याचा शोध घेत होत्या. त्या युद्धकालीन बालगृहे चालवीत. त्यांची पद्धत साधी होती. मूल काय खेळले, काय बोलले, कशाने रडले, हे सांभाळणाऱ्या बायकांनी कार्डांवर टिपून ठेवायचे. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. आईजवळ असलेली लहान मुले बॉम्बहल्ल्यांनी फारशी खचत नसत. सुरक्षिततेसाठी आईपासून दूर ठेवलेली मुले अधिक खचत. मग थोड्याथोड्या मुलांमागे एक बाई अशी छोटी ‘कुटुंबे’ केली. आधी हेवेदावे वाढले, पण मुलांना हक्काचे माणूस मिळाले आणि त्यांची वाढही सुधारली.

वळिवड्याचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. १९४८ मध्ये छावणी बंद झाली. तेथल्या मुलांनी मोठेपणी आठवणी लिहिल्या. त्यांत शाळा आहे, बालवीर पथके आहेत, नाटके आहेत. पण आठवण म्हणजे त्या दिवशीची नोंद नव्हे. काळ काही गोष्टी पुसतो, काही उजळवतो. शिवाय जे सावरले तेच बहुधा लिहितात. म्हणून छावणीने मुलांची मने बरी केली, असे या आठवणींवरून सिद्ध होत नाही. मात्र घंटा, वर्ग, मातृभाषा आणि सवंगडी यांना त्यांच्या मनात केवढी जागा होती, हे नक्की कळते.

आपल्याला याचा उपयोग काय? नगरला लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. सीमेवर तणाव वाढला, की सैनिकांच्या मुलांच्या मनावरचा ताणही वाढतो. अशा मुलाला वर्गासमोर उभे करून ‘घाबरलास का?’ असे विचारू नये. संकटातल्या माणसाला बोलायची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिकाही सांगते. शाळेची घंटा वेळेवर व्हावी, मूल बोलेल तेव्हा आपण ऐकावे. डबा न खाता परत जातो का, खेळातून ते अंग काढून घेते का, हे रोज टिपावे आणि बदल टिकून राहिला तर पालकांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. त्यासाठी लागतात एक वही आणि मुलाला ओळखणारे एक माणूस.